ऑस्ट्रेलियाचीं पुस्तकें आणि आमची उसनी रुचि

“ऑस्ट्रेलियांत क्रिकेट आहे, तेथें पुस्तकें कसलीं?” हा प्रश्न दादरच्या एका वाचनालयाच्या पायरीवर एका सुशिक्षित गृहस्थांनीं मला विचारला. गृहस्थ पदवीधर, घरांत दोन कपाटें भरून ग्रंथ बाळगणारे, आणि ब्रॅडमनची सरासरी ९९.९४ आहे हें दशांशचिन्हासकट सांगणारे. प्रश्न त्यांनीं विनोदानें विचारला होता; त्यामागचें अज्ञान मात्र विनोदी नव्हतें. तें आपणां सर्वांचें आहे, आणि प्रस्तुत लेखकहि त्यांतून सुटत नाहीं. तीस वर्षें मी कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहें. गिरगांव-परळच्या ज्या मुलांनीं डॅफोडिलचें फूल जन्मांत पाहिलें नाहीं, त्यांस त्या फुलांचें सौंदर्य मीं वर्षानुवर्षें समजावून दिलें. ह्या तीस वर्षांत एकाहि ऑस्ट्रेलियन ग्रंथकाराचें नांव माझ्या वर्गांत उच्चारलें गेलें नाहीं. तेव्हां पुढें जें कांहीं कडक लिहावयाचें आहे, त्यांतील पहिला फटका मीं स्वतःच्याच पाठीवर ओढून घेतला आहे असें वाचकांनीं समजावें.

मराठी मध्यमवर्गीय घरांत परदेशी पुस्तक येतें तें कोणत्या वाटेनें येतें? लंडनमध्यें त्यास पारितोषिक मिळालें, न्यूयॉर्कमध्यें त्याच्या लाखों प्रती खपल्या, किंवा त्याचा चित्रपट निघाला, ह्या तीन दारांखेरीज चौथें दार आम्हांस ठाऊक नाहीं. प्रकाशक भाषांतराचे हक्क घेतात तेहि ह्याच दारांशीं उभे राहून. रिचर्ड फ्लॅनगन ह्यांस २०१४ सालीं लंडनचें बुकर पारितोषिक मिळालें, म्हणून त्यांचें नांव आमच्या वृत्तपत्रांच्या रविवारच्या पानांत आलें. ऑस्ट्रेलियांतील लोक स्वतःच्या कादंबरीकारांचा गौरव ज्या माइल्स फ्रँकलिन पारितोषिकानें १९५७ पासून करीत आले आहेत, त्याचें नांव मात्र आम्ही ऐकलेलेंहि नसतें. म्हणजे ऑस्ट्रेलियन माणसास काय मोलाचें वाटतें हें आम्हांस नको आहे. लंडनला त्याच्यांतलें काय मोलाचें वाटलें एवढेंच हवें आहे. ह्याला मी उसनी रुचि म्हणतों. तें कर्ज आम्हीं केव्हां काढलें आणि अजून तें फेडीत कां बसलों आहोंत, हें पाहण्यासारखें आहे.

मराठींत मुलांसाठीं म्हणून जीं अगदीं पहिलीं पुस्तकें छापलीं गेलीं, त्यांत सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचें ‘बाळमित्र’ हें एक होय. साल १८२८. तें बर्कें नांवाच्या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकावरून घेतलेलें. पण छत्र्यांच्या हातीं तें फ्रेंच पुस्तक आलें नाहीं, त्याचें इंग्रजी भाषांतर आलें. म्हणजे पॅरिसहून मुंबईस यावयाचें तर लंडनवरून यावें लागे, ही वहिवाट आमच्या बालवाङ्मयाच्या बारशापासूनची आहे. पुढें १८८६ सालीं मॅकमिलन कंपनीनें ‘कलोनियल लायब्ररी’ ह्या नांवाची एक ग्रंथमाला काढली. हीं पुस्तकें केवळ हिंदुस्थान व इतर वसाहती ह्यांत विकण्यासाठीं असत. इंग्लंडांत त्यांची विक्री होत नसे. तीच जिल्द, तोच छाप, तोच मजकूर एका पेटींतून मुंबईच्या बंदरांत उतरे आणि दुसऱ्या पेटींतून सिडनीच्या. १९४७ सालीं, म्हणजे आम्ही स्वतंत्र झालों त्याच वर्षीं, ब्रिटिश प्रकाशकांनीं आपसांत एक करार करून जगाची ग्रंथविक्रीची बाजारपेठ अमेरिकेशीं वांटून घेण्याची रीत पक्की केली. त्या वांटणींत ऑस्ट्रेलियाहि ब्रिटनच्या पदरीं आणि हिंदुस्थानहि. तो करार १९७६ पर्यंत टिकला. झेंडा उतरल्यानंतर एकोणतीस वर्षें पुस्तकांचें साम्राज्य चालू होतें, हें आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनीं विद्यार्थ्यांस सांगावयास हरकत नाहीं.

मुंबई आणि सिडनी हीं अशीं एकाच दुकानदाराचीं दोन गिऱ्हाइकें होतीं. आणि एका दुकानाच्या दोन गिऱ्हाइकांची सहसा एकमेकांशीं ओळख होत नाहीं, दोघांचेंहि लक्ष दुकानदाराच्या तराजूकडे असतें. परिणाम असा झाला कीं, जें ऑस्ट्रेलियन होतें तेंहि आमच्याकडे इंग्रजी म्हणून आलें. ‘मेरी पॉपिन्स’ ही गोष्ट आमच्या तीन पिढ्यांनीं खास लंडनची म्हणून वाचली. तिची लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स ही १८९९ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत मेरीबरो येथें जन्मली व वयाच्या पंचविसाव्या वर्षीं इंग्लंडास गेली, हें किती घरांत ठाऊक आहे?

बरें, आमची आणि त्यांची कधीं गांठच पडली नव्हती असेंहि नाहीं. ऑस्ट्रेलियांत जन्मलेला पहिला कादंबरीकार म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो जॉन लँग हा १८१६ सालीं सिडनीनजीक जन्मला. तो हिंदुस्थानांत आला, वकिली करूं लागला, ‘मुफसलाइट’ नांवाचें पत्र चालवूं लागला आणि कंपनीसरकारविरुद्ध खटले लढवूं लागला. १८५४ सालीं त्यास एका अशिलाचें बोलावणें आलें. ती अशील म्हणजे झांशीची राणी लक्ष्मीबाई! संस्थान खालसा झाल्याविरुद्ध काय करतां येईल ह्याचा सल्ला घेण्यासाठीं तिनें त्याला बोलाविलें होतें. पडद्याआडून झालेल्या त्या भेटीचें वर्णन त्यानें १८५९ च्या आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेवलें आहे. तो १८६४ सालीं मसुरीस वारला व तेथेंच पुरला गेला. वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आम्ही अभिमानानें वाचतों, आणि तो वाचावाच. पण ज्या मराठी राणीला आम्ही देवघरांत बसविलें, तिची वकिली करणारा माणूस ऑस्ट्रेलियाचा पहिला कादंबरीकार होता, ही गोष्ट आमच्या वाङ्मयीन गप्पांत कधीं निघत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकांस ती ठाऊक आहे. अभ्यासकांस पुष्कळच ठाऊक असतें.

आतां गेल्या वीस वर्षांकडे येऊं. आमच्या घरोघरीं पोंचलेलें ऑस्ट्रेलियन पुस्तक म्हणून एकच नांव निघतें, तें ‘शांताराम’. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स हा मेलबर्नच्या पेन्ट्रिज तुरुंगांतून १९८० सालीं पळालेला कैदी. तो मुंबईस आला, कुलाब्याच्या बाजूच्या झोपडपट्टींत राहिला, मराठी बोलावयास शिकला. त्याची ही अवाढव्य कादंबरी २००३ सालीं निघाली, आणि अपर्णा वेलणकर ह्यांनीं तितक्याच चिकाटीनें ती मराठींत आणली. कादंबरीच्या नायकास ‘शांताराम’ हें नांव मिळतें तें महाराष्ट्रांतल्या एका खेड्यांत. पुस्तकाविषयीं किंवा भाषांतराविषयीं माझी तक्रार नाहीं. हजार पानें मराठी माणसास वाचावयास लावणें हें पुण्यकर्मच आहे. माझी तक्रार आमच्याविषयीं आहे. दादरच्या एका पुस्तकांच्या दुकानांत मीं मुद्दाम विचारलें, “ऑस्ट्रेलियन लेखकांचें मराठींत काय आहे?” दुकानदार तत्परतेनें म्हणाला, “शांताराम आहे ना, सर.” मीं विचारलें, “आणखी?” त्यावर तो हंसला. एक अख्खें खंड, त्याचें सव्वादोनशें वर्षांचें लेखन, आणि त्याहून कितीतरी जुनी अशी तेथील आदिवासींची कथासंपत्ति, ह्यांतून आम्हीं हौसेनें घरांत आणलें काय, तर ज्यांत आम्हीच दिसतों तें पुस्तक! परक्याच्या घरीं जाऊन आरशासमोर उभें राहावें आणि केंस नीट करून परत यावें, तसें हें झालें.

आणि गंमत अशी कीं, आरसाच पाहावयाचा तर ऑस्ट्रेलियाच्या वाङ्मयांत त्याहून खरा आरसा आहे. पण त्यांत आमचें रूप तितकें साजरें दिसत नाहीं.

सॅली मॉर्गन ह्या लेखिकेचें ‘माय प्लेस’ नांवाचें आत्मकथन १९८७ सालीं निघालें. ती पर्थच्या एका साध्या वस्तींत वाढली. शाळेंतलीं मुलें विचारीत, तुम्ही लोक कोठले? तिला उत्तर ठाऊक नव्हतें. तिनें आईला विचारलें, तेव्हां आईनें सांगितलें कीं, आपण हिंदुस्थानचे आहोंत असें सांगत जा. वर्णाचा सांवळेपणा झांकण्यासाठीं त्या कुटुंबानें आमच्या देशाचें नांव पांघरलें होतें! पुढें वयांत येतां येतां त्या मुलीस कळलें कीं, आपली आजी आदिवासी आहे आणि ह्याच भीतीनें ती जन्मभर गप्प राहिली. मग तिनें हट्टानें मागोवा घेतला. आजीच्या भावाची, आईची आणि अखेरीस मोठ्या मिनतवारीनें आजीची हकीकत त्यांच्याच तोंडून काढून पुस्तकांत घातली. आजी मात्र सगळें सांगत नाहीं. कांहीं गोष्टी ती आपल्याबरोबर नेते.

हें वाचतांना मराठी वाचकास कशाची आठवण व्हावी? बाबुराव बागूल ह्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. पोटासाठीं जात लपवावी लागते, ती उघडी पडते आणि मग मार खावा लागतो, ही त्यांतील शीर्षककथेची वेदना. दया पवार ह्यांचें ‘बलुतं’ १९७८ चें. त्यांतला कावाखाना ह्याच मध्य मुंबईंतला, गिरगांवाहून पायीं जाण्याच्या अंतरावर. लक्ष्मण गायकवाड ह्यांचें ‘उचल्या’ तर ‘माय प्लेस’च्याच वर्षीं, १९८७ सालीं, प्रसिद्ध झालें. एका मुलीचें घर हिंदुस्थानच्या नांवाआड दडतें, आणि खुद्द हिंदुस्थानांत दुसऱ्या एकाला आपल्या जातीचें नांव चोरावें लागतें. ह्या दोन पुस्तकांची शेजारीं शेजारीं मांडणी करावी, असें आमच्या एकाहि विद्वानास, अर्थात् मलाहि, इतकीं वर्षें सुचलें नाहीं. कारण एक पुस्तक आमच्या मनांत ‘दलित साहित्य’ ह्या कप्प्यांत पडलेलें, आणि दुसऱ्याला आमच्या मनांत कप्पाच नव्हता.

दुसरें उदाहरण ह्याहून बोंचरें आहे. डोरिस पिल्किंग्टन ह्या लेखिकेनें १९९६ सालीं आपल्या आईची हकीकत लिहिली. १९३१ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें जिगलाँग येथल्या तीन लहान मुलींना आयांपासून तोडून दूर दक्षिणेस मूर नदीच्या वसाहतींत नेऊन ठेवलें. त्या मुली तेथून निसटल्या. सशांची धाड थांबविण्यासाठीं त्या देशांत उभें-आडवें एक अफाट तारेचें कुंपण घातलेलें आहे. आपल्या गांवाजवळून तें जातें एवढेंच त्यांना ठाऊक होतें. त्या कुंपणाच्या कडेकडेनें सुमारें हजार मैल चालत जाऊन तिघींपैकीं दोघी घरीं पोंचल्या. अशा रीतीनें आईबापांपासून काढलेल्या मुलांच्या पिढ्यांविषयींचा चौकशी-अहवाल १९९७ सालीं निघाला, आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजीं तेथल्या पार्लमेंटांत पंतप्रधानांनीं माफी मागितली.

आपला वाचक हें वाचून हळहळतो आणि म्हणतो, गोरे लोक किती निष्ठुर! त्यानें जरा थांबावें. १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें आमच्या येथेंहि सरकारास तोच अधिकार दिला होता: जमातींतल्या मुलांना आईबापांपासून अलग काढून औद्योगिक किंवा सुधारणेच्या शाळांत ठेवावें. सोलापूरची सेटलमेंट आणि तिच्या भोंवतालची तार ही आमच्या मराठी मुलखांतलीच. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. ज्यांच्यावर तो लादला होता त्यांची हकीकत ‘उपरा’ व ‘उचल्या’ ह्यांच्या आगेमागें आलेल्या पुस्तकांनीं सांगितली. मग सोलापूरच्या तारेची गोष्ट ज्यानें वाचली आहे त्याला ऑस्ट्रेलियाच्या तारेची गोष्ट मराठींतून वाचावयास मिळूं नये काय? एका तारेनें माणसें आंत कोंडलीं, दुसरीनें दोन पोरींना वाट दाखविली. दोन्ही तारा ओढणारें साम्राज्य मात्र एकच.

येथें एक नेहमींचा आक्षेप येतो. “हीं पुस्तकें इंग्रजींतच आहेत. ज्याला वाचावयाचीं तो इंग्रजींतून वाचील. भाषांतराचा खटाटोप कशाला?” हा आक्षेप करणारे बहुधा माझ्याच वर्गाचे, म्हणजे इंग्रजी शिकलेले असतात, आणि हीं पुस्तकें त्यांनींहि वाचलेलीं नसतात. आम्हांस वाचतां येतें म्हणून आम्ही वाचीत नाहीं, आणि आम्हांस वाचतां येतें म्हणून इतरांसाठीं भाषांतरहि नको, असा हा न्याय आहे. ‘उचल्या’चा जो वाचक लातूर-सोलापुरांत आहे, परळच्या म्युनिसिपल शाळेंत मराठी माध्यमांतून शिकून जी मुलगी आज परिचारिका झाली आहे, त्यांच्यासाठीं भाषांतर असतें, माझ्यासाठीं नव्हे. आणि ह्या वाचकाला मॉर्गनच्या आजीचें मौन माझ्यापेक्षां चटकन् कळेल.

तेथील नव्या ग्रंथांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. नाहींतर हीं जुनीं उदाहरणें झालीं असें म्हणतील. टारा जून विंच ह्यांची ‘द यील्ड’ ही २०१९ ची कादंबरी. तींत एक मरणोन्मुख आजोबा आपल्या विराजुरी भाषेचा शब्दकोश लिहीत बसतो. कोशांतला एक एक शब्द म्हणजे त्याच्या आयुष्यांतला एक एक तुकडा. शब्द सांगतां सांगतां जमीन कशी गेली तें तो सांगतो. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे २०२४ सालीं वांटणाऱ्या आम्ही लोकांनीं ह्या आजोबाची एकदां गांठ घ्यावी. अलेक्सिस राइट ह्यांची ‘कार्पेन्टेरिया’ तेथल्या मोठ्या प्रकाशकांनीं नाकारली होती. २००६ मध्यें एका लहानशा प्रकाशनानें ती काढली आणि पुढच्याच वर्षीं तिला माइल्स फ्रँकलिन पारितोषिक मिळालें. त्यांच्याच ‘प्रेजवर्दी’ ह्या २०२३ च्या सातशें पानांहून मोठ्या कादंबरीला तें २०२४ मध्यें पुन्हां मिळालें. हवामान बिघडून जगाचें तेल संपेल तेव्हां रानटी गाढवांच्या तांड्यांवर वाहतुकीचा धंदा उभारूं, अशा वेडानें पछाडलेला तींतला एक माणूस गांवभर गाढवें गोळा करीत सुटतो. हें सारें कडू विनोदानें लिहिलेलें आहे. पुस्तक कठीण आहे, मीं तें दोनदां खालीं ठेवून तिसऱ्यांदा उचललें; पण लंडनच्या मुद्रेसाठीं तें खोळंबलें नव्हतें, एवढें खरें. उगाच भाबडें चित्र रंगवूं नये म्हणून हेंहि सांगतों कीं, ह्याच ऑस्ट्रेलियन मतदारांनीं ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतांत आदिवासींना घटनेंत सल्लागार-मंडळ देण्याची सूचना धुडकावून लावली. पुस्तकें पुष्कळ वाचल्यानें मतें बदलतातच असें नाहीं.

आतां मुलांकडे वळूं. कारण मोठ्यांची रुचि एकदां उसनी घेतली ती घेतली, मुलांना तरी ती वारसा म्हणून द्यावी काय?

माझ्या पुतणीचा मुलगा पांच वर्षांचा आहे, शिवाजी पार्काजवळ राहतो. चित्रांतला हेजहॉग तो झटकन् ओळखतो. मागच्या मे महिन्यांत कोंकणांत आमच्या अंगणांतून मुंगूस पळालें, तेव्हां त्यानें तें ‘स्क्विरल’ ठरविलें. मुलाचा दोष नाहीं. त्याच्या पुस्तकांत मुंगूस नाहींच. ह्याच ठिकाणीं ऑस्ट्रेलियाची एक लहानशी हकीकत मला मोठी बोधप्रद वाटते. मेम फॉक्स ह्या लेखिकेनें प्रथम एका अदृश्य होणाऱ्या उंदराची गोष्ट लिहिली होती. ती नऊ प्रकाशकांनीं परत केली. अखेर एका प्रकाशनानें ती घेतली, पण अशी अट घातली कीं, उंदीर काढा, आपल्या देशाचा प्राणी घाला. तेव्हां उंदराचा पॉसम झाला, आणि १९८३ सालीं ‘पॉसम मॅजिक’ निघालें. आजीच्या जादूनें अदृश्य झालेली ती छोटी पॉसम गांवोगांव फिरून त्या त्या ठिकाणचे ऑस्ट्रेलियन खाद्यपदार्थ खाते, तेव्हां पुन्हां दिसूं लागते. आपल्या मातींतलें खाल्ल्यावांचून आपण दिसतच नाहीं, ही कल्पना एका खोडकर गोष्टींत किती सहज बसली आहे! आमच्या एखाद्या प्रकाशकानें लेखिकेस, “बाई, ससा काढा, मुंगूस घाला; केक काढा, थालीपीठ घाला,” असें कधीं सांगितलें असेल तर मी त्याचे पाय धरीन. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या रस्त्यांवर सायकल हांकीत होता. माधुरी पुरंदरे ह्यांच्या चित्रपुस्तकांतलीं घरें आपलींच घरें आहेत. ह्यांचें ऋण नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण चार दिवे दाखवून गांवांत उजेड आहे असें म्हणतां येत नाहीं.

ऑस्ट्रेलियांत हें आपोआप झालें नाहीं. त्यांची तर भाषाच लंडनची. लंडनचीं पुस्तकें जशींच्या तशीं मुलांच्या हातीं देणें त्यांना आमच्याहून सोपें होतें. तरी १९४६ पासून त्यांनीं उत्तम बालपुस्तकांस दर वर्षीं सन्मान देण्याची प्रथा पाडली, आणि ती आजतागायत चालू ठेवली. चुकाहि त्यांनीं केल्या. एथेल टर्नर ह्यांचें ‘सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स’ हें १८९४ चें पुस्तक तेथें घरोघर वाचलें जाई. पहिल्या आवृत्तींत आदिवासींची एक कथा होती. पुढल्या आवृत्त्यांतून ती काढून टाकली गेली, आणि १९९४ च्या शतसांवत्सरिक आवृत्तींत परत आली. जवळजवळ शंभर वर्षें मुलांपासून एक पान लपविलें होतें, हें त्यांनीं कबूल केलें आणि पान परत चिकटविलें. आमच्या बालपुस्तकांतून कोणतीं पानें गळालीं आहेत? तीं लिहिलींच गेलीं नाहींत, म्हणून गळालेलीं दिसत नाहींत.

जॉन मार्सडन ह्यांनीं लिहिलेलें व शॉन टॅन ह्यांनीं चितारलेलें ‘द रॅबिट्स’ हें १९९८ चें चित्रपुस्तक पाहावें. जहाजांतून ससे येतात. अंगांत झगझगीत गणवेष, हातांत नकाशे आणि यंत्रें. त्या मातींतले लहान प्राणी प्रथम कुतूहलानें पाहतात, मग घाबरतात, मग लढतात आणि हरतात. नद्या जातात, झाडें जातात, अखेर मुलेंहि नेलीं जातात. शब्द थोडे, चित्रें भयंकर सुंदर. हें पुस्तक मुलांसाठीं कीं मोठ्यांसाठीं ह्यावर तेथें वाद माजला. तरी १९९९ सालीं त्यास सर्वोत्तम चित्रपुस्तकाचा मान मिळाला.

“कोंवळ्या मुलांना इतकें कडू कशाला?” हा आमचा दुसरा लाडका आक्षेप. पण मुलें जेथें राहतात तेंच जर कडू असेल? लालबाग-परळांत जेथें गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथें आज चाळीस-पन्नास मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांत राहणाऱ्या मुलाला वीस मजले खालीं एक चिमणी एकटी कां उभी आहे हें कोण सांगणार? १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपाची कथा मोठ्यांसाठीं जयंत पवार ह्यांनीं ‘अधांतर’ नाटकांत मांडली. मुलाच्या मांडीवर ठेवावें आणि बोटानें दाखवीत जावें असें त्या संपाचें एखादें चित्रपुस्तक कोणी माझ्यासमोर आणावें. मी हा सबंध परिच्छेद परत घेईन. सत्य कडू असतें म्हणून तें आम्ही मुलांपासून दूर ठेवीत नाहीं. तें सांगण्याइतकी चित्रकला, छपाई आणि विचार ह्यांवर खर्च करावा असें बालपुस्तक आम्हांस वाटतच नाहीं, हें खरें कारण आहे. वाढदिवसाला दोनशें रुपयांचें मराठी पुस्तक महाग म्हणणारे पालक त्याच दुकानांत सातशें रुपयांचें इंग्रजी पुस्तक मुकाट्यानें बांधून घेतात, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

म्हणून प्रकाशकांस आणि वाचनालयांच्या चिटणीसांस माझें सांगणें असें कीं, लंडनची यादी एक वर्षभर मिटून ठेवा. खटाववाडीपासून शिवाजी मंदिरापर्यंत कोणीहि एकानें तेथल्या दोन याद्या मागवाव्या, एक माइल्स फ्रँकलिनची, दुसरी बालपुस्तकांची. आणि दर वर्षीं दोन मोठ्यांचीं व तीन मुलांचीं पुस्तकें मराठींत आणावीं. तोटा होईल, पहिल्या वर्षीं नक्कीच होईल. ‘मनोरंजन’कार मित्रांनीं १९०९ सालीं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हां त्यांनाहि नफ्याची हमी कोणी लिहून दिली नव्हती.

शॉन टॅन ह्यांच्याच ‘द अरायव्हल’ ह्या २००६ च्या पुस्तकाला तर भाषांतराचीहि गरज नाहीं, कारण त्यांत शब्दच नाहींत. एक माणूस बायको-मुलीला मागें ठेवून, पेटी घेऊन, जहाजानें अनोळखी शहरीं जातो; तेथली लिपि, जनावरें, फळें सारें त्याला अपरिचित. मीं तें लालबागेस माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं त्याच्या आठ वर्षांच्या मुलीसाठीं नेलें. मुलीनें अर्ध्या तासांत तें संपविलें आणि आजीला पान पान उलटून गोष्ट सांगूं लागली. आजी रत्नागिरीकडच्या, यजमान त्यांचे गिरणींत होते. पहिल्या पानावरची पेटी भरण्याचीं चित्रें पाहतांच त्यांनीं नातीचा हात धरून ठेवला, पुढचें पान उलटूं दिलें नाहीं.

“अशीच ट्रंक होती आमच्याकडे,” त्या म्हणाल्या. शेवटच्या पानांत त्या माणसाचें कुटुंब त्याच्याकडे येऊन पोंचतें. तेथें त्या बराच वेळ थांबल्या. “ह्याची माणसं लवकर आली हो सर. मला सोळा वर्षं लागली. तोवर गणपतीला यायचे आणि शिमग्याला यायचे.” मग त्यांनीं मधलीं पानें पुन्हां काढलीं. कारखान्यांत ओळीनें उभे राहून काम करणाऱ्या माणसांचें एक चित्र आहे, त्यावर बोट ठेवलें आणि विचारलें, “कुठल्या गावचं पुस्तक म्हणालात?”

“ऑस्ट्रेलियाचं.”

“तिथं पण गिरण्या होत्या का?”